दर दहा मीटरला एक टिळा

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत ते मीटरकाका. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी चूक एवढी मोठी आहे की ती वाचता वाचता माणूस त्यांना विसरून जायचा. मीटरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव लिहू नकोस असं त्यांनी बजावून ठेवलंय. "नाव लिवलंस तर लोक शोधत येतील. आले की बसतील. बसले की चहा पाजावा लागंल," असं त्यांचं म्हणणं.

भिवंडीजवळ अंजूरच्या बाजूला जिथे भात व्हायचा तिथे आता गोडाऊनं झाली आहेत. त्यातलं आमचं केमिकलचं. थिनर, रंगात घालायचे पातळ द्रव, असल्या मालाचे निळे ड्रम छातीएवढे उंच, रांगाच्या रांगा. मी तिथे ड्रमांना लेबल चिकटवायच्या कामावर लागले. माझं गाव किनवटच्या पलीकडे. आठवीची सहामाही दिली, वार्षिक दिलीच नाही. लग्नानंतर नवरा नारपोलीत लूमवर लागला म्हणून इकडे आले. एका दिवसाच्या आणि एका रात्रीच्या प्रवासावर आपलं घर असलं की माणूस सगळ्यांना आधी घाबरतं आणि मग विचार करतं. मीही तशीच. सुपरवायझर खोकले तरी मला वाटायचं, गेलं आपलं काम.

अशा गोडाऊनात काका केबल सांभाळायला होते.

केबल म्हणजे लाइटची नव्हे. हे मला समजायला महिना लागला. आत केसाएवढी काचेची तार. तिच्यावर एक लेप. सगळ्यात वर जाळीदार वेष्टण. ही अशी चारशे मीटर तार गोडाऊनच्या कडेकडेने, प्रत्येक रांगेच्या पायथ्याशी फिरवलेली. थिनर सांडलं आणि जाळीतून आत गेलं की तो लेप फुगतो. फुगला की काच ताणली जाते, आणि आतून पळणाऱ्या उजेडाला ठेच लागते. ठेच लागली की थोडा उजेड मागे फिरतो. तो किती वेळात परत आला, ते बघून ऑफिसातला डबा सांगतो की कितव्या मीटरवर सांडलंय. डब्याच्या पडद्यावर एक सरळ रेघ असते. सांडलं की रेघेवर डोंगर येतो.

काकांनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं. "ह्या काचेला नाक हाय. चारशे मीटर लांब."

गंमत अशी की काकांना स्वतःला नाक नव्हतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं धारदार होतं, पण त्याला वास येत नव्हता. उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या ब्लीचिंगच्या हौदावर काढली. तिथे ते गेलं. गुलाब, गटार, गोडं तेल, सगळं त्यांना सारखंच. कंपनीने गळती हुंगायच्या कामावर भिवंडीतला नेमका असा माणूस शोधून काढला होता, ज्याच्या उशाला बोंबील वाळत घातले तरी तो गाढ झोपेल. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि काकांनीही सांगितलं नव्हतं. "इंटरव्ह्यूला हुंगायला लावलं न्हाय," ते म्हणायचे. "लावलं असतं तर खरं बोललो असतो."

रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन ते उभे राहायचे. "एकशे बारा, माझ्या अंगाला साबणाचा वास येतोय का?"

एकशे बारा म्हणजे मी. माझं लेबलांचं टेबल एकशे बाराव्या मीटरजवळ होतं. ते सगळ्यांना मीटरनेच हाक मारायचे. सुपरवायझर म्हणजे शून्य, कारण डबा त्यांच्या केबिनमध्ये आणि केबल तिथून सुरू व्हायची. सुपरवायझरांना हा मान वाटायचा की अपमान, हे त्यांचं त्यांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. माथाडींचे मुकादम अन्वरभाई दिवसभर फिरते, म्हणून त्यांना सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा आकडा.

"काका, सुबह मैं साठ था, अभी दोसौ दस कैसे?" अन्वरभाई विचारायचे.

"तू वाढलास," काका म्हणायचे.

साबणाचा वास येतो म्हटलं की खूश होऊन जायचे. येत नाही म्हटलं तर घरी फोन. "अगं, साबण बदललास का? एकशे बारा बोलते वास न्हाय." पलीकडून काकी काय बोलायच्या ते आम्हाला ऐकू यायचं, इतकं मोठ्याने असायचं.

त्यांची दुसरी तऱ्हा वळणाची. काचेची तार फार वाकवली की तिच्यातून उजेड बाहेर जातो. काका म्हणायचे, "सांडतो." पाणी सांडावं तसा उजेड सांडतो. म्हणून ते कमरेला, चावीचा जुडगा लटकवावा तसा, एक स्टीलचा पेला बांधून हिंडायचे. केबल कोपऱ्यावर वळली की पेला टेकवायचे. पेल्याच्या तोंडापेक्षा वळण लहान दिसलं की झालं, रांगेतले ड्रम हलवा, पण वळण मोठं करा. इथवर शास्त्र होतं. त्यापुढे काका होते. ते स्वतःही कधी काटकोनात वळत नसत. केबिनमधून बाहेर पडले की मोठा अर्धगोल घेऊन दाराकडे जायचे. खारबावहून स्कूटरवर यायचे तेही असेच. अंजूरफाट्याला त्यांच्या वळणात रिक्षावाले अडकायचे. "ओ काका, ट्रक वळवताय का?" असं कुणी ओरडलं की ते थांबून समजावायचे, "माणसाच्या आतही काय तरी पळत असतं बाबा. झटकन वळलास की सांडतं." मागे रांग लागलेली.

एकदा सुपरवायझरांनी त्यांच्यासमोर केबलला पाय लावून सरकवलं. काका खाली बसले, केबलवर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलं त्यांचं. मनावर घेऊ नकोस." मग उठले आणि सुपरवायझरांना म्हणाले, "ती बोललीये की ठीक हाय."

जेवणाच्या डब्याची गोष्ट तर अख्ख्या गोडाऊनला पाठ होती. नाक नाही म्हणजे भाजी आंबली का कळत नाही. त्यावर त्यांनी तोड काढली. उरलेल्या केबलचा एक तुकडा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला गुंडाळला, एक टोक मोकळं ठेवलं आणि दुसरं जोडलं केबिनमधल्या मशीनला. जेवायच्या आधी कालवणात ते मोकळं टोक क्षणभर बुडवायचं, रेघ बघायची, सरळ असली की जेवायचं. रेघ सरळच असायची, कारण त्या लेपाला ओळख थिनरची. आंबट वरणाशी त्याला काय देणंघेणं! एका मेच्या दुपारी अशा पास झालेल्या कोलंबीने त्यांना तीन दिवस घरी बसवलं. परत आले तेव्हा निम्मे झाले होते. मी म्हटलं, "काका, मशीन चुकलं की."

"मशीन न्हाय चुकलं. कोलंबीत थिनर न्हवताच." हे म्हणताना त्यांच्या तोंडावर एवढा अभिमान होता, की जणू कोलंबी त्यांनीच शुद्ध राखली होती.

मला त्यांनी जवळ केलं ते माझ्या नाकामुळे. मी लागून पंधरा दिवस झाले होते. लेबलांसोबत एक इंग्रजी फॉर्म भरायचा असायचा. मला तो जमेना. सुपरवायझरांनी सांगितलं होतं, सोमवारपासून दुसरी बाई बघतो. त्या शनिवारी मला टेबलाशी पिकलेल्या केळ्याचा वास आला. केळं कुठेच नव्हतं. कुणाला सांगावं तर आपलंच काम जायचं, न सांगावं तर जीव घाबरा. शेवटी काकांना हळूच म्हटलं, "काका, इथे पिकल्या केळ्यासारखं काहीतरी येतंय."

ते पळत, म्हणजे मोठा अर्धगोल घेऊन पळत, केबिनमध्ये गेले. रेघेवर एकशे बाराला बारीकसा डोंगर उठत होता. एका ड्रमचं बूच ढिलं होतं. ते बाहेर आले तर डोळ्यांत पाणी. मला वाटलं थिनरची वाफ लागली.

"इतके दिस मी ह्या रेघेवर इश्वास ठेवून बसलोय," ते म्हणाले. "आज पयल्यांदा कोण तरी माणूस तिच्या बाजूने बोललं."

सोमवारी दुसरी बाई आली नाही. काकांनी सुपरवायझरांना सांगितलं होतं की एकशे बाराला काढलंत तर माझी केबल मी गुंडाळून नेतो. ती त्यांची नव्हतीच. पण चारशे मीटर गुंडाळणारा माणूस कसा दिसतो याची कल्पना करून सुपरवायझर गप्प बसले असावेत. त्यानंतर तो इंग्रजी फॉर्म काकांनी माझ्याकडून चाळीस वेळा भरून घेतला. डब्याची रेघ वाचायला शिकवली. मी म्हणायचे, "मला नाही जमणार, मी आठवी नापास." ते म्हणायचे, "नापास कशापायी? तू बसलीच न्हाईस परीक्षेला. अर्ध्यावर तुटलेली केबल नापास नसते, तिला जोड मारायचा असतो."

जोड मारणं हा मोठा सोहळा. काचेची दोन टोकं समोरासमोर धरून वितळवून एक करायची. काकांच्या मते त्या वेळी आसपास कुणी श्वास घ्यायचा नाही. पंखे बंद, फोर्कलिफ्ट बंद, आठ माथाडी तोंडावर गमछा धरून उभे.

"काका, साँस तो लेने दो, अभी आधी ड्युटी बाकी है," अन्वरभाई गमछ्यातून म्हणायचे.

"दोनशे दस, तू बोललास म्हंजी घेतलास. परत पयल्यापासून."

आता खंडेनवमी.

आमच्या गोडाऊनात त्या दिवशी दुपारपर्यंत काम, मग पूजा. पूजा झालेलं हत्यार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायचं नाही, त्याला विश्रांती. मेन स्विचसुद्धा सुपरवायझर नमस्कार करून बंद करतात. फोर्कलिफ्टला झेंडूचा हार, वजनकाट्याला हार, हातगाडीला, शिडीला, लेबलांच्या मशीनला कुंकू. कुंकू तेलात कालवायचं काम माझ्याकडे, म्हणजे लोखंडावर नीट धरतं. काका त्या दिवशी लवकर गेले होते, घरी भाताच्या कापणीचं बघायला.

पूजा आटोपली. माझ्या हातात ताटली, ताटलीत हळद आणि तेलातलं कुंकू उरलेलं. आणि माझी नजर केबलवर गेली. सगळ्यांना टिळा, शिडीला टिळा, आणि जिच्यामुळे माझी चूल पेटते तिला काहीच नाही? मला इतकं वाईट वाटलं! केबलला दर दहा मीटरला आकड्याची पट्टी असते. मी पहिल्या पट्टीपाशी बसले आणि जाळीत बोट दाबून टिळा लावला. मग वीसला. मग तीसला. नुसतं लावणं बरं दिसेना म्हणून दर टिळ्याला एकेका माणसाचं नाव घेतलं, ज्याने माझ्यासाठी काही केलंय. तीनशे दहाला कुंकू संपलं. मी हात जोडले, घरी गेले आणि बरेच दिवसांनी शांत झोपले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे सेफ्टीवाले साहेब यायचे होते. केबल सहा महिने परीक्षेवर होती. ती ठेवायची की काढून टाकायची ते त्या दिवशी ठरणार होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. तोही त्यांनी घडी न घालता गोल गुंडाळून आणलेला, म्हणून इस्त्रीचा काही उपयोग झाला नव्हता. साहेब आले. सुपरवायझरांनी मेन स्विच लावला. काकांनी डबा चालू केला.

रेघ उठली ती बसेचना. डोंगर, डोंगर, डोंगर. आख्खा सह्याद्री. भोंगा वाजायला लागला. साहेब सगळ्यांत आधी बाहेर पळाले, त्यांच्यामागे आम्ही. सुपरवायझरांनी पळता पळता मेन स्विच पुन्हा बंद केला. आवारात लोडिंगसाठी ट्रक उभा होता. त्याच्या सावलीत काका डब्यातून निघालेला रेघेचा छापील कागद बघत पुटपुटत होते. "दहा, वीस, तीस, चाळीस... काय शिस्त! ड्रम रांगेत उभे ऱ्हावून गळतायत."

मला तिथल्या तिथे कळलं. दोन दिवसांत कुंकवातलं तेल जाळीतून आत मुरलं होतं आणि थिनरसारखाच लेप फुगवून बसलं होतं.

साहेबांनी कागद हातात घेतला. हुशार माणूस. "प्रत्येक डोंगर पट्टीपाशी आहे," ते म्हणाले. "पट्ट्यांच्या क्लिपा दाबतायत केबलला. बत्तीस ठिकाणी एकदम गळती होते का कधी? सिस्टीम फेल आहे. डबा काढा, लाइट चालू करा, लोडिंग सुरू करा. ट्रक कधीचा उभा आहे." आणि कागद काकांच्या हातात देऊन ते फोनवर बोलत फाटकाकडे गेले.

अन्वरभाईंनी गमछा कमरेला बांधला. आठ माणसं आणि फोर्कलिफ्ट आत जाणार.

बत्तीस. हा आकडा माझ्या कानात अडकला. कारण मी सकाळपासून नव्हे, दोन दिवसांपासून मनात एकतीस म्हणत होते. एकतीस माणसांचे आशीर्वाद आपल्या पाठीशी, असं स्वतःलाच सांगत होते. गप्प बसले असते तर माझं काम राहिलं असतं. केबलला काहीही लावलं तर त्याच दिवशी घरी, असा नियम दारावर मराठीत आणि हिंदीत लिहिलेला होता. तो मीच चिकटवला होता; टिळाही त्यात मोडतो हे खंडेनवमीला माझ्या मनातच आलं नव्हतं. पण बत्तिसावा जर खरा असेल, तर आठ माणसं त्याच्यावर चालून जात होती.

मी काकांची बाही धरली. "काका, क्लिपा नाहीत. मी टिळे लावले. तेलातल्या कुंकवाचे."

काकांनी कागद खाली केला. मला वाटलं आता ओरडतील.

"किती?"

"एकतीस."

"डोंगर बत्तीस हायत."

"म्हणूनच सांगतेय."

"थांब रे दोनशे दस!" ते अन्वरभाईंवर ओरडले. "कोण आत जायचा न्हाय. लाइटीला हात लावायचा न्हाय." मग कागद माझ्यापुढे धरला. दहा, वीस, तीस असं चाललं होतं आणि मध्येच एकशे सत्त्याऐंशी. "हिथे सांडलं का तुझ्या हातून? ताटली कलंडली? बोट पुसलंस? नीट आठव. साहेबाला दाखवायला मला पक्कं पायजे."

"कसं आठवू काका, दोन दिवस झाले."

"कशी लावत गेलीस ते पयल्यापासून बोल."

आणि मी भिवंडीच्या त्या आवारात, ट्रकच्या सावलीत, आठ माथाडींसमोर मोठ्याने नावं घ्यायला लागले. दहाला आई. वीसला बापू. तीसला आजी. चाळीसला वर्गातली सुमन, तिने मला तिची पाटी दिली होती. पन्नासला गावचा कंपाउंडर. साठला...

"लवकर," काका म्हणाले.

"लवकर म्हटलं तर चुकेन."

"मग सावकाश बोल, पण लवकर."

एकशे सत्तरला नवऱ्याचं नाव. उखाणा घेतला नाही, पण लाजले, तेही माझ्याने आवरलं नाही. एकशे ऐंशीला सासूबाई. "तिथे जरा थांबले होते," मी म्हटलं, "त्यांचं नाव घ्यावं की नाही म्हणून. मग घेतलं. मग उठले, ताटली दोन्ही हातांनी धरली, कारण पुढे ड्रम ठेवायचं लाकडी पॅलेट आडवं आलं होतं. एकशे नव्वदला एस.टी.त मला खिडकी देणारी बाई. नाही काका. मध्ये काही सांडलं नाही. ताटली दोन्ही हातांत होती."

"सासूची शपथ?"

"सासूची शपथ."

"मग एकशे सत्त्याऐंशी खरा हाय."

"मेरा नंबर कितवा था?" अन्वरभाईंनी मध्येच विचारलं.

"दोनशे वीस," मी म्हटलं.

"आन् मी?" काका म्हणाले.

"तीनशे दहा. शेवटचा."

"सासू अठरावी आन् मी एकतिसावा?"

"काका, सगळ्यात मोठा टिळा तुमचा होता. उरलेलं सगळं कुंकू तुम्हालाच लावलं."

त्यांनी कागद बघितला. तीनशे दहाचा डोंगर खरोखरच सगळ्यांत उंच होता. त्या धांदलीतही त्यांचा चेहरा सुखावला, हे मी पाहिलं.

मग तोंडाला मास्क लावून ते आणि अन्वरभाई आत गेले. एकशे सत्त्याऐंशीला वरून काहीच दिसत नव्हतं. पॅलेटखाली बॅटरी मारली तेव्हा दिसलं. खंडेनवमीच्या दिवशी माल हलवताना फोर्कलिफ्टचं टोक एका ड्रमला लागलं होतं. दोन दिवस तो थेंब थेंब गळत होता, आणि सकाळी केबिनपाशी झेंडूच्या वासात तो वास माझ्याही नाकात आला नव्हता. थिनर पॅलेटखालून पुढे सरकत फोर्कलिफ्टच्या चार्जिंग बोर्डाच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. सगळ्यांनी एकदम आत जाऊन फोर्कलिफ्ट चार्जिंगवरून काढली असती, एक ठिणगी उडाली असती, की ऐन दसऱ्यात होळी. अन्वरभाई बाहेर आले ते थेट ट्रकच्या पायरीवर बसले. गमछ्याने तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बहन, अगले साल दोसौ बीस पे ज़रा ज़्यादा लगाना."

साहेब परत आले. गळती पाहिली. रंग उतरला त्यांचा. पण माणूस हुशार, पुढचा प्रश्न आलाच. "मग बाकीचे एकतीस काय आहेत?"

मी तोंड उघडलं.

"मी लावलं ते," काका म्हणाले. "एकशे बारा, तू गप."

"काय लावलं?"

"हळद, कुंकू, तेल. चाचणी हाय ती. सुट्टीत लेप मेला की जिवंत हाय ते बघायला. दर दहा मीटरला."

"कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे ही चाचणी?"

"तुम्ही लिवून घ्या, म्हंजी येईल."

साहेबांनी खरंच लिहून घेतलं. रजिस्टरमध्ये, इंग्रजीत. हळद-तेल चाचणी, दर दहा मीटरला एक, एकूण एकतीस. विनापरवानगी. चाचणी करणाऱ्याचं नाव. काकांनी सही केली. मी तिथेच उभी होते, तीन हातांवर. एक शब्द बोलायचा होता. काकांनी डोळे वटारले होते म्हणून गप्प बसले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. खरं तर डोळे वटारले नसते तरी बसले असते. घाबरले होते.

निकाल असा लागला की केबल पास झाली आणि काका नापास झाले. केबल कायम ठेवायची, शिवाय बाजूच्या तीन गोडाऊनांतही टाकायची. परवानगीशिवाय चाचणी करणाऱ्याला मात्र कुठल्याही गोडाऊनात ठेवायचं नाही. जायच्या आधी केबल दुरुस्त करून द्या म्हणाले. काकांनी आठ दिवस खपून टिळ्याचे एकतीस तुकडे कापले, नवे घातले, बासष्ट जोड मारले. बासष्ट वेळा आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. अन्वरभाई एकदाही बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी काका मला म्हणाले, "सांगायला जाऊ नकोस. आता सांगितलंस तर मी खोटा आन् तूही घरी. एका चुकीत दोन माणसं घालवायची न्हाईत." आणि कमरेचा पेला सावरत, फाटकापाशी केवढा तरी मोठा गोल घेऊन ते गेले.

हल्ली ते खारबावला घरोघरी इंटरनेटच्या तारा जोडून देतात. लोकांची तक्रार आहे की दहा फुटांच्या खोलीत ते तीस फूट तार फिरवतात. नावं कशाला ठेवायची पण, नेट कुणाचं बंद पडत नाही. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा काकींनी जेवू घातलं आणि काकांनी एकच विचारलं, "रेघ सरळ हाय ना?"

आहे. डब्यासमोर आता मी बसते. साहेबांनी नवा इंजिनिअर दिला, चांगला शिकलेला मुलगा आहे, पण रजिस्टरात लिहिलेलं तो देवाचा शब्द समजतो. दर दसऱ्याला तो मला बोलावतो. "ताई, हळद-तेल चाचणी करायची आहे. तुम्हाला कालवता येतं ना?" सुट्या केबलचा तुकडा टेबलावर ठेवतो, मापाने एकतीस टिळे लावून घेतो, दोन दिवसांनी डोंगर मोजतो आणि खाली लिहितो, पद्धत अमुक यांनी शोधली. आता बाकीच्या गोडाऊनांतही हे होतं म्हणतात. एके ठिकाणी कुंकवाचा ब्रँड ठरवायला मीटिंग झाली. मी टिळे लावते, नावं मात्र मनातल्या मनातसुद्धा घेत नाही. घ्यायला बसले की पहिलंच नाव त्यांचं येतं आणि हात थांबतो.

माझं काम अकरा-अकरा महिन्यांचं आहे, अजून पक्कं नाही. ते पक्कं होईपर्यंत खरं सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता कळतं, पक्कं झाल्यावर भीती आणखी पक्की होईल. साहेब पुढच्या तपासणीला येणार आहेत. त्या दिवशी मी ते जुनं रजिस्टर त्यांच्यापुढे उघडणार आहे. चाचणी करणाऱ्याचं नाव, या ओळीत काकांची सही आहे. तिच्यावर एक सरळ रेघ मारीन आणि शेजारी माझं नाव लिहीन. पूर्ण नाव, इंग्रजीत, जसं त्यांनी चाळीस वेळा लिहून घेतलं तसं. मग साहेबांना म्हणेन, त्यांना परत बोलवा. मला ठेवायचं की काढायचं ते नंतर ठरवा.

काका, तुम्ही नको म्हणाल. पण हे एवढं मी फेडणार आहे.